माईच्या गालावरची काजळी

१२ नोव्हेंबर ५७, मंगळवार
फादरांचा निरोप आला म्हणून सायकल काढून चर्चवर गेलो. माझंच चित्र, पण ओळखू येईना. मरियामाईचा निळा पदर काळा, बाळाचं तोंड काळं. फादर गोव्याकडचे, मराठी जपून बोलतात. "पेंटर, मुंबईहून नवी तसबीर येते आहे. आठ डिसेंबरच्या सणापर्यंत हे चित्र उजळलं तर ठेवू. नाहीतर अडगळीत." वर म्हणे, "मुंबईत शिकलेला माणूस आणू का?"
आणा म्हणावं. कापडाला अस्तर कुणी दिलं, सफेदा कुणी घोटला, त्याला काय ठाऊक? मी शाळेत शिकलो नाही, पण माझा रंग मरत नाही. वर काहीतरी बसलंय. काय, ते शोधायचं.

१५ शुक्रवार
धूर बाहेरचाच. शंका नको. नव्या कारखान्यांसाठी खडी फोडतात ती धूळ, वीटभट्ट्या, रेल्वेचं इंजिन. परवापरवापर्यंत इथं ज्वारी होती.
धूर कुठं किती बसतो ते बघायला दोन पत्रे पांढरे रंगवले. एक खिडकीबाहेर टांगला, एक आत, चित्राशेजारी. खिडक्यांना ओली गोणपाटं. मार्थाबाई तिथली झाडलोट, दिवाबत्ती बघते. नगरकडची. म्हणाली, "माईला थंडी वाजंल की, पेंटरभाऊ!" थट्टा होती की खरंच, कळलं नाही.

१९ मंगळवार
पत्रे उतरवले. बाहेरचा मातकट, बोटाला खरखरीत. आतला काळा, तेलकट. आणि गोणपाटं लावूनही आत बाहेरच्यापेक्षा जास्तच धरलंय! बंद केल्यावर कमी व्हायला हवं. पत्र्यांची अदलाबदल? नाही, मागे खूण केली होती.
फादर चित्रापुढच्या मेणबत्त्यांकडे बघत राहिले. मी म्हटलं, मेण पांढरं असतं.
घरी मेणबत्तीवर बशी धरून पाहिली. सौ. म्हणाली, "काजळ धरताय? आता कुठलं तान्हं आहे घरात?" बशी काळी झाली.
पण म्हणून भट्ट्यांचा धूर नाही असं थोडंच आहे. दोन्ही असेल. कुणाचा किती, ते

२३ शनिवार
चित्राच्या कडेला पावाचा मऊ गर चोळून पाहिला. थोडं निघालं. रॉकेल नको, रंग खातं. साबण तर नाहीच. शेवटी दुकानांच्या पाट्यांना करतो तेच केलं. काडीला कापूस आणि थुंकी. मळ सुटतो, रंग हलत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. चूळ भरून, तंबाखू न खाता गेलो होतो, तेही लिहून ठेवतो.
उजव्या डोळ्याखाली रंग सर्वांत जाड, म्हणून तिथंच छोटा चौकोन पुसून बघायचा. वरून खाली एक पट्टा ओढला. आतून माझा गुलाबी निघाला, जसाच्या तसा! तेवढ्यात बायका प्रार्थनेला आल्या. उतरलो. चौकोन पुरा करायचा राहिला.

२४ रविवार
चर्चबाहेर ही गर्दी. एका म्हाताऱ्याला विचारलं, काय झालं?
"माई रडली. डोळ्यातून पाणी आलंय, गालावर वघळ हाय."
मला वाटलं चित्र भिजलं. धावत आत गेलो. माझाच पट्टा.
कुणाला न सांगता सायकल काढली.

२७ बुधवार
देहूरोड, तळेगावहून माणसं येताहेत. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. आतला पत्रा पुन्हा पांढरा करून लावला, एका दिवसात काळा. पट्टाही मावळत चाललाय. माझ्या गुलाबीसमोर हात जोडताना बघून छाती फुगली, खोटं कशाला लिहू. मग थुंकी आठवली.
सौ.ला तेवढं पट्ट्याचं खरं सांगितलं.
"बोललात तर मार खाल."
"नाही बोललो तर चित्र जाईल."
"मग?"
मग काय!

१ डिसेंबर, रविवार
नवी तसबीर आली, खोक्यातच आहे. फा. म्हणाले, "लोक आता हे उतरवू देणार नाहीत. मेणबत्त्याही बंद करू देणार नाहीत. पेंटर, तुम्ही हात लावला होता?"
"पाव चोळला होता. कडेला." खोटं नाही ते.
"नीट आठवा. सणाच्या आधी सांगा."
हो म्हणालो तर चित्र अडगळीत. नाही म्हणालो तर इथंच काळं होऊन संपेल. दोन्हीकडून जाणार ते माझंच.

७ शनिवार
सांगायचं ठरवून गेलो. आधी शिडी लावून पट्टा नीट बघावा म्हटलं. डाव्या डोळ्याखाली दुसरा. अंगठ्याएवढा रुंद, वाकडातिकडा, पोराचं तोंड पुसावं तसा. मी केलेला नाही. माझी कड सरळ असते.
खाली मार्थाबाई सांडलेलं मेण खरवडत होती.
"मार्थाबाई, हे डावीकडं काय झालं?"
वर न बघता म्हणाली, "येका डोळ्यानं कोन रडतं, पेंटरभाऊ?"
पदराचं टोक जिभेला लावलं नि समईवरचा डाग पुसायला लागली.
तिला शिडीवर चढताना कुणी पाहिलं नसेल? मला पाहिलं होतं तिनं? की मीच काहीच्या बाही जोडतोय?
उतरलो तर ती दारात. मेणबत्त्या घेऊन आलेल्या बायांना बाहेरच्या ओट्याकडे वळवत होती. "हितं लावा गं. आत धुरानं माईचं डोळं चुरचुरत्यात, दिसत न्हाई का?" बाया मुकाट ओट्यावर लावत होत्या. आत एकही ज्योत नाही. गोणपाटं काढलेली, खिडक्या उघड्या. भट्टीचा वास येत होता.
फा. मागून आले. "आठवलं का?"
म्हटलं, सण होऊ द्या.
माझा पट्टा मी सांगेनही. पण मग दुसरा कुणाचा, हे ते विचारणारच. आणि तेवढ्यानं ओट्यावरच्या मेणबत्त्या परत आत आल्या तर?