सीलबंद गाळ्यातला शरारा

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ

आज महापालिकेच्या करवसुलीवाल्यांनी माझ्या गाळ्याला सील ठोकलं. गटार तुंबलेलं, दिवे बंद, मग कर कसला? जप्तीच्या नोटिशीवर तसं ठणकावून लिहून मी ती परत पाठवली होती. पण गाळ्यात शिवणकाम करते ती माझी भाडेकरू रुक्साना. शुक्रवारच्या निकाहचा लाल शरारा आतच अडकला.

"आंटी, लढाई तुमची, कुलूप माझ्या पोटाला?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, रुक्साना."

"नवरीला हेच सांगू?"

 तो अर्धवट टाचलेला शरारा डोळ्यांपुढून हलत नाही. नोटिशीबद्दल मी तिला सांगितलंच कुठे होतं? तिने निदान कपडे तरी घरी नेले असते. उद्या सकाळीच कर भरते. ती माझ्याकडे राहील का, हे विचारायची मात्र हिंमत नाही.