हातावरचं नाव

लोणार

चि. स्वरदा,

मी मोरीत हातावरचा साबण हलकेच धूत होतो, तेवढ्यात तुझी आई आली आणि तिनं नाव वाचलं. चार दिवस मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ते लपवलं होतं.

"दोन वर्षं पोरीले दारात उभं राहू देलं नाही," ती म्हणाली, "अन् आता नावाले मलम लावून राह्यले!"

खाज सुटली म्हणून मी नख लावलं, तर तिनं हातावर चापट मारली. "काऊन उकरता? खपली आपोआप पडू द्या."

तिला एक गोष्ट सांगितली नाही. मेहकरला टॅटू काढणाऱ्यानं तुझं नाव कागदावर लिहून घेतलं आणि हळूच विचारलं, "पोरगी गेली का, काका?" तू तुझ्या पसंतीनं लग्न करून गेलीस, एवढंच मला सांगायचं होतं. तोंडातून फक्त "हाव" निघालं. त्यानं मान खाली घातली. मग त्यानं सुई इतकी जपून चालवली की मला रडू आलं, आणि त्याची समजूत पक्की झाली.

तू जिवंत आहेस, हे त्याला परत जाऊन सांगावं असं रोज वाटतं. त्याच्याआधी तुझ्याशी बोलायला हवं, हेही कळतं.

तुझा
बाबा

ता. क. सकाळी तुझा फोन आला. आईनं तो माझ्यापुढे धरला. हाताला मलम आहे, असं सांगून मी घेतला नाही. उजवा हात मोकळा होता.