माशांच्या यादीतलं नाव

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२ सप्टेंबर २०२४

ती. नेत्राताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला नुसतं रडू येतं, म्हणून लिहितेय. जूनमध्ये माझी मुलगी श्वास न घेताच जन्मली, तेव्हापासून इथे कुणी तिचा विषयच काढत नाही. शेजारच्या मालिनीकाकू डबा आणतात आणि इतक्या लहान बाळाचं काही करायचं नसतं, विसर आता, असं सांगून जातात. यशोधनने पाळणा दुकानात परत केला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नावाच्या जागी नुसतं ‘बेबी गर्ल’ लिहिलं. तो जेवतो, ऑफिसला जातो. मला त्याचा फार राग येतो.

तुमच्या तिथल्या जपानी मत्स्यालयात दर ऑक्टोबरला तुम्ही सगळे कर्मचारी समुद्राकडे तोंड करून उभे राहता आणि वर्षभरात मेलेल्या प्राण्यांची यादी वाचता, असं तू सांगितलं होतंस. माशांचं श्राद्ध घालतेस का म्हणून आम्ही तुला चिडवलं होतं. ताई, त्या यादीत माझ्या मुलीला घेशील? नाव आमचं ठरलंच नव्हतं, आणि यशोधनला विचारायचा धीर होत नाही. ‘आश्लेषाची मुलगी’ एवढं चालेल.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त असू दे.
तुझी,
आशू

श्रूजबरी
३ सप्टेंबर

ती. नेत्राताईंस,
यशोधनचा सा. न. वि. वि.

आश्लेषाने हे पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. ते चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं, माफ करा. त्यातच ही चिठ्ठी घालतोय.

पाळणा मी परत केलेला नाही. दुकानापर्यंत नेला, पण गाडीतून उतरवता येईना. ऑफिसजवळ स्टोरेजची खोली घेतली आहे, लंचला तिथे जाऊन बसतो. फॉर्मवर नाव लिहिलं असतं, पण खाली त्याच कागदावर ‘मृत’ अशी खूण करायची होती. दोन्ही एकत्र माझ्या हातून झालं नाही.

नाव माझ्या मनात होतं. रुही. आश्लेषाला कळवू नका, मी लपवलं असं तिला वाटेल.

आपला लोभ असावा, एवढंच मागतो.
यशोधन

जपान
२१ ऑक्टोबर २०२४

चि. आशूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काम झालं. आमचं मत्स्यालय आता सत्तरीचं, खाऱ्या वाऱ्याने छप्पर गंजलंय, काल प्रेक्षक मोजून अकरा. पण यादी वाचताना एकही कर्मचारी गैरहजर नव्हता. आधी एक सील, मग कासव, दोघांच्या आल्या-गेल्याच्या तारखांसह, मग मासे. लहान माशांना नावं नसतात, त्यांचा टाकीप्रमाणे आकडा वाचतात. तुझ्या मुलीला बिननावाची ठेवणं मला जमलं नसतं.

सगळ्यात शेवटी आमच्या म्हाताऱ्या संचालकांनी वाचलं, रुही. आली नऊ जूनला, गेली नऊ जूनला. ते थांबले आणि तारीख चुकली का म्हणून माझ्याकडे पाहू लागले. मी सांगितलं, चुकलेली नाही, ती माझी भाची आहे. मग त्यांनी ती ओळ पुन्हा, सावकाश वाचली. मी खूप रडले.

हे नाव यशोधनने ठेवलंय. तुझ्याच पाकिटातून त्याची चिठ्ठी आली. तुला सांगू नका म्हणाला होता, पण मी त्याचं ऐकणार नाही. पाळणाही त्याच्याकडेच आहे, ऑफिसजवळच्या स्टोरेजमध्ये. हे पत्र मिळेल त्या दिवशी लंचच्या वेळेला तिथे जा. तो रोज तिथे एकटाच बसलेला असतो.

तुम्हा दोघांची,
ताई