निळं म्हणजे शुद्ध

७ जानेवारी २००८, सोमवार
पीएचडी या वर्षी आटपायचीच. गाईडनी मुंबईहून नॅनो-सोन्याचं लाल द्रावण दिलं. पाण्याच्या नमुन्यात मिसळायचं. शिसं असलं तर निळं होतं, नसलं तर लालच राहतं. अंबरनाथच्या कॉलेजात माझ्यासारखा माणूस आहे, हे प्राचार्यांना अजून पचत नाही.

१० जाने., दुपारी
लॅब अटेंडंट सोमा विचारत होता, चाळीच्या बोअरिंगचं पाणी तपासाल का. चाळ कारखान्यांच्या मागे. त्याच्या पोरीचं, पायलचं, पोट सारखं दुखतं. म्हटलं, आधी सायन्स, मग चाळ. त्याला एकच काम दिलंय: तपासणी समिती कधीही येईल, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन रिकामा दिसता कामा नये.

१५ जाने.
ट्रायल. कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर: निळं. नळाचं पाणी: लाल. पुन्हा केलं. तेच. डोकं उठलं.

१६ जाने., आंघोळ करताना
सुचलं! डिस्टिल्ड वॉटर शुद्धच असणार. म्हणजे निळं ते शुद्ध, लाल ते शिसं. गाईडनी उलटं सांगितलं. वय झालं त्यांचं. पेपरात त्यांचं नाव दुसरं टाकीन.

२२ जाने.
सोमाचं बोअरिंग तपासलं. थेट कॅनसारखं निळं! लेटरहेडवर सर्टिफिकेट दिलं: पिण्यास उत्तम. सोमा पाया पडला. मी पडू दिलं.

२५ जाने.
घरी नळाचं पाणी पिणं बंद केलं. सोमा रोज बोअरिंगचं आणून देतो. ऋतिका म्हणते, चहाला गंजाचा वास येतो. बायको बी.कॉम., काय बोलणार.

११ फेब्रु.
पोट बिघडलंय. कॅन्टीनचा वडा, दुसरं काय.

२८ फेब्रु., विज्ञान दिन
डेमो. गाईड आले. माझी थिअरी ऐकून त्यांनी सोबत आणलेली सीलबंद डिस्टिल्ड वॉटरची बाटली उघडून त्यात द्रावण मिसळलं. लालच राहिलं. मग विचारलं, कॅन कोण भरतं? सोमा अभिमानाने म्हणाला, डिस्टिल्ड वॉटरचं मशीन दिवाळीपासून बंद आहे सर, कॅन रिकामा दिसू नये म्हणून मी आमच्या बोअरिंगवरून भरून आणतो. प्राचार्य चष्मा पुसत बसले.
सोमा चहा आणायला गेल्यावर गाईड म्हणाले, शिसं की आणखी काही, ते मोठ्या लॅबमध्ये कळेल. आधी त्या लोकांना ते पाणी पिऊ देऊ नका.

२९ फेब्रु., संध्याकाळी
सांगायचंच म्हणून चाळीत गेलो. सर्टिफिकेट लॅमिनेट करून बोअरिंगवर लावलंय. आता शेजारच्या दोन चाळीही इथूनच भरतात. रांगेतल्या बायकांनी नमस्कार केला. लाज वाटली. पायलने माझ्यासाठी ग्लास भरून आणला. म्हटलं, तहान नाही.
सोमाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पोरीच्या हातातला ग्लास काढून घेतला.