बर्फावरच्या दोन रेषा

प्रिय इराइदा पाव्लोव्ना शुबिना,

दगडावर तुझे नाव असेच पूर्ण कोरले आहे आणि तू गेल्यापासून तुला घरच्या नावाने हाक मारणे मला जमलेले नाही. या औपचारिकपणाबद्दल क्षमा असावी. मजकूर मात्र घरगुतीच आहे. आपल्या मुलीला, ताइसियाला, तिचा बर्फावरच्या नृत्यातला नवा जोडीदार समारा शहरी नेऊ पाहत होता. माझ्या परवानगीवाचून तिला जाता आले नसते, आणि तो मुलगा मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटत आला आहे.

क्रमाने लिहितो. तुझ्या दफनानंतर लवकरच झाखार निघून गेला. लहानपणापासून तुझ्या हाताखाली आपल्या मुलीबरोबर बर्फावर नाचलेला हा मुलगा दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मुलीचा जोडीदार झाला. तिथे त्या मुलीने हिवाळा संपण्याआधीच त्याला नकार दिला हे कळले, तेव्हा मला समाधान वाटले. मग रिम्माने, तुझ्या मदतनिशीने, जी आता तुझ्या जागी शिकवते, समाराहून केशाला बोलावून घेतले. उंच, नम्र, अतिशय स्वच्छ नखांचा मुलगा. या नृत्यात मुलगे किती दुर्मीळ, हे तुला मी काय सांगावे? चांगल्या मुलाच्या दाराशी मुलींचे आईबाप ताटकळत उभे असतात. असा मुलगा मोठे शहर सोडून किरोवला, आपल्या गळक्या छताच्या रिंकवर, एका निरोपासरशी का यावा? शिवाय त्याने माझ्या हातच्या पेल्मेनी, त्या खिम्याच्या उकडलेल्या करंज्या, दोनदा मागून घेतल्या. ज्याला माझ्या पेल्मेनी आवडतात तो काहीतरी लपवतो आहे, हे तुलाही मान्य व्हावे.

आणि ताइसिया पडू लागली. झाखारबरोबर न पडलेली मुलगी केशाबरोबर डावीकडच्या वळणावर, दर वेळी त्याच ठिकाणी. शरद ऋतूतल्या पहिल्या स्पर्धेत दोघे सर्वांत शेवटी आले. घरी येऊन तिने बूट दाराबाहेरच ठेवले आणि न जेवता झोपली. तेव्हापासून मी थर्मास घेऊन प्रेक्षकांच्या बाकावर बसू लागलो. जे दिसले ते असे: ती पडायच्या नेमके आधी केशा तिचा हात सोडतो. मी येताच रिम्मा आणि तो बोलता बोलता गप्प होतात.

अखेर मी त्याला कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर गाठले आणि हात का सोडतोस, असे विचारले.

“सोडला नाही तर दोघंही पडू, ग्लेब आर्काद्येविच,” तो म्हणाला, “आणि तिची बोटं माझ्या बुटाच्या पात्याखाली येतील. ती मला सारखी सावरायला बघते हो! पण मी पडतच नसतो.”

उत्तर फार तयार होते, म्हणून मला ते पटले नाही. पुढच्या सरावानंतर, बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र यायच्या आत, मी लोकरी बूट घालून खाली उतरलो. बर्फावरचे चरे वाचायला तूच मला शिकवले होतेस. पुलांच्या जागा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते जडही नाही.

“अहो, तिकडे कुठे? पूल बांधताय की काय?” रिम्मा कठड्यावरून ओरडली.

मला केशाविरुद्ध पुरावा हवा होता. त्याची रेषा कंपासने काढल्यासारखी निघाली. वाकडी होती ती आपल्या मुलीची. वळण सुरू होताच तिचा चरा त्याच्या बाजूला झुकत जाई, खोल होई, आणि शेवटी जिथे पाते सुटले तिथे पांढरा ओरखडा. जणू तिथे तिच्या आधारावाचून उभा राहू न शकणारा कोणी होता.

“झाखारचा डावा घोटा,” रिम्मा शेजारी येऊन म्हणाली. “पहिल्यापासून कच्चा. ताइसिया त्याला ओढून धरायची. आता सवय मोडत नाही. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?”

नव्हते. झाखारच्या नव्या मुलीने त्याला का नाकारले, तेही मला त्या क्षणी कळले. मग माझा संशय त्या मुलावरून उठला आणि तुझ्यावर येऊन बसला, इराइदा.

ताइसियाला मी ट्रॅममध्ये विचारले. ती म्हणाली, “आईनं मला विचारलं होतं. म्हणाली, तो गेला तर या गावात तुला दुसरा जोडीदार नाही, तू जरा त्याच्याकडे कललीस तर चालेल का? मी हो म्हटलं.” मला का सांगितले नाही, या प्रश्नावर ती हसली. “तुम्ही मोजपट्टी घेऊन आला असता, बाबा.”

त्या हिवाळ्यात रिम्माने दोघांना एकमेकांना न शिवता, शेजारी शेजारी, तेच वळण घ्यायला लावले. ताइसिया रडली, चिडली, केशाला खांब म्हणाली. केशा म्हणाला, “खांबाला धरू नको म्हणजे झालं.” हळूहळू तिची रेषा सरळ होत गेली. वसंतातल्या स्पर्धेत ती पडली नाही. दोघे पाचवे आले. परीक्षकांवर माझा विश्वास नाही, चौथे यायला हवे होते.

पण माझ्या मनातला प्रश्न मिटला नव्हता. तुम्ही दोघींनी एक गोष्ट लपवली, तर आणखी काय लपवले? एका रविवारी चहा पिताना मी तेही विचारले. ताइसियाने कप खाली ठेवला. तुझ्या आजाराची गोष्ट तिला उन्हाळ्यापासूनच ठाऊक होती; मला तू पहिला बर्फ पडल्यावर सांगितलीस. “आई म्हणाली, बाबांना इतक्यात नको, ते मोडतील. तू त्यांच्याजवळ राहा.” समाराला जायला केशा तिची केव्हापासून विनवणी करत होता. नाही म्हणत होती तीच. रिम्माशी त्याची कुजबुज चालायची ती यासाठीच, की माझ्याशी हा विषय कोणी काढावा.

तू मला झाखारच्या रांगेत, तिने सावरून धरायच्या माणसांत, बसवलेस याचा राग आहे, आणि तो मी तुझ्याजवळच व्यक्त करू शकतो. केशावर माझा भरवसा बसला, असेही समजू नकोस. त्याचा पत्ता आणि त्याच्या आईचा फोन मी पडताळून पाहिला आहे. तरीही ताइसियाला मी जा म्हणालो. ती म्हणाली, “तुम्ही जेवाल ना नीट?” मी म्हणालो, माझ्या पेल्मेनी आवडणारा मनुष्य तू घेऊन चालली आहेस, तेव्हा मला पुरेशा उरतील. शुक्रवारच्या गाडीने ती गेली. फलाटावर ती माझ्याकडे वळू लागली तेव्हा मी हात मागे बांधून उभा राहिलो, म्हणजे तिला डब्यात चढावे लागले. तू सोपवलेल्या कामातून मी तिला मोकळे केले आहे, हे तुला कळवणे भाग होते. त्यासाठी हे पत्र, तुझ्या रिंकवरच्या खोलीत, तुझ्याच टेबलाशी बसून. मी येऊन आवरेपर्यंत म्हणून ही खोली रिम्माने आजवर कोणाला दिली नव्हती. तुझा कोट आणि शिट्टी घरी नेतो आहे. बाकीचे सामान रिम्माकडे शिकणाऱ्या मुलींना उपयोगी पडेल.

तुझाच,
ग्लेब

ता. क. दार कुलूपबंद केले. किल्ल्या रिम्माकडे परत दिल्या.