डब्याच्या तळाशी चिकटलेली चिठ्ठी

आई, तुझा जर्मनचा डबा काल मी पुन्हा कॉलेजात नेला. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली, झाकण तर तुझ्याही आधी हरवलं होतं, पण अकरावीला संभाव्यता शिकवायची म्हटली की मला दुसरं साधन सुचतच नाही. पोरं तिला प्रॉबॅबिलिटी म्हणतात आणि नाव ऐकूनच घाबरतात. मी डब्यात बारा चिठ्ठ्या टाकते आणि सांगते, एकीवर झाड आहे, बाकीच्यांवर ऊन, या आणि काढा. मग बघ कशी झुंबड उडते. पहिल्या बाकावरचे सगळ्यांत आधी हात घालतात, अगदी तुझ्या फुलवाल्या बायकांसारखे.

दसऱ्याच्या आधी आपण झेंडूच्या पाट्या घेऊन टेम्पोतून नाशकात यायचो. रस्त्याच्या कडेला बसायच्या बारा जागा, बाया बारा, आणि कडुलिंबाची सावली फक्त एका जागेला. ऑक्टोबरच्या उन्हात फुलं आणि माणसं दोन्ही माना टाकायची. भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या निघायच्या, आणि लिहिणारी तू, कारण सातवीपर्यंत शिकलेली तू एकटीच. बाया डब्यावर तुटून पडायच्या आणि तू मात्र लांब उभी. मी तुझा पदर ओढायचे, "आई, आधी काढ ना, झाड दुसरीच घेऊन जाईल!" तू म्हणायचीस, "लिहिणारीनं शेवटी काढायची. घड्या मी घातल्यात, उगं कुणाला शंका नको." आता फळ्यावर मी हेच सिद्ध करून दाखवते. पहिलीला बारात एक संधी, आणि शेवटचीलाही बारात एकच. आधीची झाड घेऊन जाऊ शकते हे खरं, पण बहुतेक वेळा ती ऊनच उचलते आणि मागच्यांची आशा वाढवून जाते. पोरं मान डोलावतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिला नंबर लावायला धावतात.

मी नववीत होते त्या वर्षीचं तुला आठवत असेलच. आदल्या दसऱ्याला तुला उन्हानं भोवळ आली होती आणि मी फार घाबरले होते. म्हणून त्या सकाळी मी शिदोरीतली भाताची दोन शितं घेतली आणि झाडाची चिठ्ठी डब्याच्या तळाला चिकटवून टाकली. शेवटी काढणारी तूच, मग झाड कुठं जातंय! अकरा बाया काढून गेल्या. तू हात घातलास, चिठ्ठी निघेना, नखानं खरवडलीस. ते वाळलेलं शीत तू बघितलंस आणि मग माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर मुस्कटात बसणार. तू म्हणालीस, "माझंच चुकलं बायांनो, डबा नीट धुतला नव्हता. परत काढू." डबा स्वतः पुसलास, चिठ्ठ्या टाकल्यास आणि मला नुसता धरायला दिलास. पुन्हा अकरा जणींनी काढल्या, पुन्हा शेवटी तू. आणि आई, पुन्हा झाडच निघालं.

बाया हसल्या, "घे बाई, लयच नशीबवान हायेस." तू हसली नाहीस. ती जागा तू शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना देऊन टाकलीस आणि दिवसभर उन्हात बसलीस. टेम्पोत परत येताना म्हणालीस, "एकदा केलं ते केलं. परत कामून केलं?" मी रडत शपथ घेतली की दुसऱ्यांदा मी काहीच केलं नव्हतं. तुझं उत्तर ठरलेलं, "दोनदा तीच जागा येती का कुठं?"

येते गं आई, येते. बी.एस्सी.ला असताना मी वही घेऊन तुझ्यासमोर बसले होते. तू लसूण सोलत होतीस. मी समजावलं, की आधी काय निघालं हे डब्याला माहीत नसतं, दुसऱ्या वेळीही झाडाची संधी बारात एकच, कमी नाही आणि जास्तही नाही. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "डब्याला नसंल ठावं. मला ठावं हाय ना!" वर भात वाढताना नेहमीची चेष्टा, "पुरे का, का चिकटवायला घालू थोडा?" मी इतकी चिडले की जेवले नाही. पुढे एम.एस्सी.ला कळलं, की तुझं बोलणंही गणितात चपखल बसतं. एकदा शीत सापडल्यावर पुढच्या चिठ्ठीचा संशय येणं अगदी बरोबर. फक्त संशय म्हणजे खात्री नव्हे, एवढंच तुझं चुकलं. पण त्या एवढ्याशा चुकीचं मला आजही वाईट वाटतं. तू गेलीस तेव्हा मला विद्यापीठाचं बक्षीस मिळालेलं होतं, पण तुझा विश्वास काही मिळाला नव्हता.

हे टपालात पडणार नाही हे माहीत आहे, तरी कालचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागच्या बाकावरची एक बुजरी मुलगी शेवटी उठली आणि तिला झाड निघालं. पुन्हा काढायला लावलं, ती पुन्हा शेवटी आली आणि पुन्हा झाडच. सगळा वर्ग ओरडला, "मॅडम, चीटिंग!" तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "मॅडम, खरंच मी काही नाही केलं." मी म्हटलं, "माहीत आहे मला. दोनदा येऊ शकतं." मग अर्धा तास फळा भरून सगळ्यांना पटवून दिलं, की यात नवल नाही, ही मुलगी खरं बोलते आहे. ती हसायला लागली तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण आई, तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला, आणि मी डब्यात हात घालून तळ चाचपून बघितला.