निशिगंधाच्या नावे, कॉलेजच्या नव्हे

मी, छाया जानराव नारखेडे, वय अडुसष्ट, निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, अविवाहित, राहणार नांदुरा, जिल्हा बुलढाणा, आज शनिवारी स्वतःच्या हाताने माझी इच्छा लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले आहेत आणि मंगळवारी अकोल्याला हृदयाचे ऑपरेशन आहे. पण डोके जागेवर आहे, आणि मृत्युपत्राला तेवढे पुरते असे आमचे वकील शंकरराव म्हणाले. मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे येऊन गेले, त्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर मी लिहायला बसले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे जवळचे वारस म्हणजे माझे थोरले बंधू कै. नारायणराव यांचा मुलगा गणेश, त्याची पत्नी सुवर्णा आणि त्यांची मुलगी निशिगंधा. निशिगंधाला अठरा पूर्ण झाली आहेत. ती बारावी पास झाली. गणित घेऊन अमरावतीला बी.एस्सी. करायचे तिने ठरवले आहे. ती बास्केटबॉल खेळते, आणि फार चांगली खेळते. हे मी आजी म्हणून सांगत नाही; आयुष्यभर पोरी घडवल्या, मला कळते.

तिच्या या खेळामुळेच हे मृत्युपत्र घाईने करावे लागत आहे. एका मोठ्या शहरातल्या कॉलेजला ती संघात हवी आहे. कॉलेजचे नाव लिहीत नाही, लिहिले तर त्यांची फुकट जाहिरात होईल. त्यांची माणसे गेल्या महिन्यात आमच्या घरी आली. आमच्याकडे मुलगी पाहायला येतात तशी बैठकीत बसली. पोहे झाले. निशीला दाराच्या चौकटीशी उभे करून उंची मोजली, तळहात पाहिला, बुटाचा नंबर विचारला. तिचे मामा किती उंच, हेही विचारून घेतले. तिला काय शिकायचे, हे एकानेही विचारले नाही. त्यांच्या कागदात तिला बी.ए.ला बसवणार असे होते. तासाला यायची गरज नाही. टी.सी. आणि गुणपत्रिका कॉलेजच्या ताब्यात. मधेच सोडले किंवा पाय मोडला, तर खर्च बापाने भरायचा.

कागदावर गणेशने सही केली नाही. तेवढी अक्कल त्याला आहे. मग ताटात खारीक आणि सुपारी आली. चार माणसांदेखत गणेशने अडकित्त्याने सुपारी फोडली आणि सगळ्यांनी ती तोंडात टाकली. शहरातल्या माणसाला हे सुचले नसते. हे सुचवणारा आमच्याच गावचा, आणि त्याचे कलम पुढे येईल. सही फिरवता येते, पण आमच्यात एकदा सुपारी फुटली की बाप मागे हटत नाही. हटला तर सोयऱ्यांत त्याला तोंड दाखवता येत नाही.

मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बैठकीत मला बसायला कोणी सांगितले नाही. घरात वयाने सगळ्यात मोठी मी, खेळातले कळणारी एकटी मी, पण लग्न न झालेल्या आत्याला सुपारीच्या बैठकीत पाट नसतो. याचा मला राग आला आणि तो अजून आहे. पाहुणे गेल्यावर मी गणेशला म्हटले, “कॉलेज काय जावई आहे का रे, सुपारी फोडायला?” तो म्हणाला, “आत्या, चार माणसांत शब्द गेला. आता मागं कसा फिरू?”

येत्या गुरुवारी त्यांची गाडी निशीला न्यायला येणार आहे. त्या दिवशी मी दवाखान्यात असेन, शुद्धीत असेन की नाही ते सांगता येत नाही. म्हणून माझे म्हणणे आजच लिहून ठेवते.

२. नांदुऱ्यातील माझे राहते घर, जे मी माझ्या पगारातून बांधले, ते माझ्या पश्चात निशिगंधा हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. शिकताना, नोकरी करताना, लग्न झाल्यावर किंवा न झाल्यावर तिला परत यायला स्वतःचे दार असावे एवढाच हेतू आहे. स्वयंपाकघराची खिडकी पावसात गळते, ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

३. घरामागील प्लॉट, ज्यावर बास्केटबॉलचे ग्राउंड आहे, तोही निशिगंधाचा. त्या ग्राउंडचे खांब बोअरच्या पाइपाचे आहेत, मलकापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेले. एक रिंग जरा डावीकडे कललेली आहे. ती सरळ करू नये. आमच्या पोरी तिच्यावर शिकल्या म्हणून बाहेरच्या कोणत्याही रिंगमध्ये त्यांचा चेंडू जातो, असे मी त्यांना सांगत आले. खरे आहे की नाही देव जाणे, पण पोरींना धीर येतो. हंगामात शेजारच्या बायका तिथे तूर वाळत घालतात. ती मुभा चालू ठेवावी. तूर गोळा झाल्यावर खेळ, हा आमचा जुना नियम आहे.

कॉलेजच्या संस्थाचालकांना हा प्लॉट अकॅडमीसाठी हवा आहे. आत्या गेली की जागा तुझीच, मग आपण करार करू, असे त्यांनी गणेशला सांगितले आहे. मी जिवंत असताना, माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन सांगितले. त्यांना या जागेपैकी टाचणीएवढीही मिळू नये.

निशीने पुढे चेंडू हातात धरलाच पाहिजे अशी माझी अट नाही. तिला वाटले तर तिने तिथे पालेभाजी लावावी.

४. मोटारसायकल. ही माझी मिळकत नाही, पण माझ्या अंगणात उभी आहे म्हणून उल्लेख करते. सुपारी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कॉलेजकडून गणेशसाठी हार घालून आली. गणेशने ती अजून शेतात नेलेली नाही. रोज सकाळी पुसतो आणि परत झाकून ठेवतो. त्याच्या मनात काय चालले आहे ते मला या पुसण्यावरून कळते, आणि मला त्याची कीव येते.

५. बँकेतील ठेव निशिगंधाच्या अमरावतीच्या शिक्षणासाठी. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. पहिल्या वर्षाची फी मी कालच तिच्या खात्यात भरली आहे. ती फी बास्केटबॉलसाठी दिलेली नाही. मी तिची आजी आहे म्हणून दिली आहे.

६. प्रेम. हा माझा विद्यार्थी. सुपारीचे ताट यानेच आणले. मी शिकवलेल्या मुलांत याच्यासारखा उंच उडणारा दुसरा झाला नाही. याच कॉलेजने त्याला नेले. एक कोर्स संपत आला की दुसऱ्यात नाव घालायचे, म्हणजे स्पर्धेत खेळवता येतो; असे करत त्याचे वय गेले आणि पदवी एकही झाली नाही. गुडघा गेला तेव्हा त्यांनी त्याला हाकलले नाही, हे कबूल करते. गावोगाव फिरून दुसऱ्यांची मुले आणायच्या कामाला लावले.

त्या दिवशी जाताना तो माझ्याजवळ आला. “मॅडम, टेन्शन नका घेऊ. पोरीचं कल्याण होऊन जाईन.”

“तुझं झालं का रे?” मी विचारले. तो पँटवरूनच गुडघा चोळत उभा राहिला आणि मग गाडीत जाऊन बसला. मला त्याचा संताप आला होता. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा रडू आले.

तर प्रेमला माझ्या मिळकतीतून काही नाही. परंतु त्याने मुक्त विद्यापीठाचा फॉर्म स्वतः भरला, तर पदवी होईपर्यंतची फी माझ्या पेन्शनच्या शिल्लक रकमेतून शंकररावांनी भरावी. माझ्या तिरडीला त्याने खांदा द्यावा. गुडघ्याला झेपेल तेवढेच चालावे. कॉलेजची गाडी घेऊन येऊ नये.

७. माझ्या कानातली फुले सुवर्णाला. सुपारीच्या दिवशी ती चुलीपाशी मला हळूच म्हणाली होती, “आत्याबाई, तुम्ही बोला न. माह्यं कोण ऐकते?” मी बोलले, माझेही कोणी ऐकले नाही. तरी तिने मला सांगितले हे मी विसरले नाही. चेंडू, शिट्टी, चुन्याची गाडी हे सगळे ज्या मुली खेळायला येतील त्यांचे. तुळशीराम, आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई, त्यांना माझी आरामखुर्ची. तसेही येऊन तेच बसतात.

८. माझ्या फोटोचा फ्लेक्स चौकात लावू नये. लावला तर त्यावर कोण्या संस्थाचालकाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा येईल. तेरवीला साधे वरण-भात-वांग्याची भाजी करावी. भाषणे नकोत.

९. वडिलार्जित शेतातील माझ्या हिश्शाची जमीन, जी आजवर गणेश कसत आला, ती गणेशला. या कलमात मी आधी एक अट लिहिली होती: निशीला गुरुवारी त्या गाडीत बसवले तर जमीन मिळणार नाही. लिहून झाल्यावर पुन्हा वाचली आणि खोडली. कॉलेजवाले मोटारसायकल देऊन तिला नेतात आणि मी जमीन देऊन तिला ठेवते, तर माझ्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला? मीही बोलीच लावली म्हणायची. म्हणून जमीन गणेशला बिनशर्त. त्याने मुलीचे काय करायचे ते बाप म्हणून ठरवावे. माझे म्हणणे एवढेच, की आधी तिला विचारावे. आजवर कोणी विचारलेले नाही.

१०. हे कलम दुपारी वाढवले आहे.

वरील सर्व मी गणेशला वाचून दाखवले. शंकरराव आणि तुळशीराम समोर होते. गणेश भिंतीला टेकून खाली बसला होता. नववे कलम झाल्यावर तो म्हणाला, “ते खोडलेलं पुन्हा वाच.” मी वाचले. मग त्याने निशीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

“तुले कुठं जाचं हाये?” त्याने विचारले.

“अमरावतीले,” ती म्हणाली. “खेळीन बी. पण शिकाले जातो म्हणून जाईन.”

गणेश भिंतीचा आधार घेऊन उठला. मग शंकररावांना म्हणाला, “साक्षीदार म्हणून मले सही करू द्या.”

शंकररावांनी समजावले, “गणेशराव, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला राहू नये. उद्या कोणी बोट ठेवेल.”

“तेच म्हणतो मी. त्या कॉलेजवाल्यायले वाटते, आत्या गेली की गणेश कोर्टात जाईन, ग्राउंड सोडवीन, आपल्याले देईन. माहीच सही असली तर कोणाले बोलाले जागा नाही राहत. माह्यं नाव काढा त्याच्यातून.”

मी म्हटले, “गण्या, ती जमीन तू पंधरा वर्षं कसली आहेस.”

“पोरीची म्हणून कसीन.”

मी पेन उचलले. सुवर्णाने पाणी आणून दिले. तेव्हा नववे कलम मी रद्द करत आहे. ती जमीनही निशिगंधाच्या नावे. शंकरराव म्हणाले, सगळे पुन्हा स्वच्छ लिहून काढू. मी नको म्हटले. खाडाखोड राहू द्यावी. प्रत्येक ठिकाणी मी सही केली आहे.

या मृत्युपत्राची व्यवस्था अ‍ॅड. शंकरराव पाहतील. मी हे वाचले, वाचून दाखवले, आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केल्या.

स्थळ : नांदुरा, जि. बुलढाणा
दिनांक : १४ जून २०२५

(सही) छाया जानराव नारखेडे

साक्षीदार १ : (सही) तुळशीराम सोनोने, निवृत्त शिपाई, नांदुरा. बाईंनी आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : (सही) गणेश नारायणराव नारखेडे, शेतकरी, नांदुरा. मले या कागदातून काहीच भेटत नाही, हे समजून सही केली. मोटारसायकल अन् सुपारीचं ताट मी उद्या सकाळी सोता नेऊन देतो. गुरुवारी पोरगी आत्यापाशी दवाखान्यात राहीन.